येऊ दे, येऊ दे

खुर्च्या मांडून झाल्या होत्या. चहाचे मगही भरून तयार. चर्चच्या आवारात चाकांवरचं नवं फिरतं घर आलं की जुन्या मंडळींनी रांगेत बसून त्याचं रिव्हर्स बघायचं, हा या लोकांचा ठरलेला खेळ. नवऱ्यानं गाडी मागं घ्यायची, बायकोनं पाठीमागं उभं राहून हात हलवायचे, मग दोघांची कडाक्याची जुंपायची, आणि बसलेल्यांनी मार्क द्यायचे. चर्चची पडझड फुकटात दुरुस्त करत गावोगाव हिंडणारे म्हातारे-म्हाताऱ्या हे. यांना दुसरी करमणूक ती कुठली?

पण हेडलीनं खेळच मोडला. फाटकातून आत आला, मोकळ्या जागेत एक गोल चक्कर मारली, गाडीचं तोंड परत रस्त्याकडं केलं आणि तिथंच फाटकापाशी धुळीत थांबला.

"अरे ए हेडली! तिकडं कुठं?" व्हर्ना ओरडली. "इथं झाडाखाली ये. सावली आहे, नळ आहे, वीज आहे. तिथं उन्हानं भाजून निघशील!"

"इथं बरंय मला," हेडली म्हणाला आणि काच वर केली.

मंडळींनी मुकाट्यानं खुर्च्या उचलल्या.

व्हर्ना म्हणजे या टोळीची मुकादम. तोंडानं फटकळ, पण कुणाला ताप आला तर रात्रभर उशाशी बसणारी. हेडली आणि त्याची ग्लेनिस यांच्याबरोबर तिनं आणि तिच्या कॉलिननं ऑस्ट्रेलियातल्या मॅली मुलखातल्या कितीतरी चर्चची छपरं बदलली होती. ग्लेनिस गेल्या हिवाळ्यात गेली. त्यानंतरचं हेडलीचं हे पहिलंच काम. सुट्टीत इथं चर्चच्या पोरांचं शिबिर भरायचं होतं, त्याआधी हॉलची जमीन नवी करायची होती.

कामाला माणूस चोख. दिवसभर गुडघ्यावर बसून फळ्या ठोकायचा. पण संध्याकाळी सगळे झाडाखाली जमले की हा फाटकाकडं चालू लागायचा. मधेच एकदा कॉलिनला म्हणाला, "हे फिरतं घर विकतोय. शनिवारी इथंच येतंय गिऱ्हाईक. हे आपलं शेवटचं काम."

ते व्हर्नाच्या फार जिव्हारी लागलं.

"बघितलंस? आल्यापासून तोंड रस्त्याकडं करून बसलाय," ती कॉलिनला म्हणाली. "ग्लेनिस गेली, आता आपण कोण लागतो त्याचे!"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या प्रार्थनेत तिनं मोठ्यांदा मागणं मागितलं, "प्रभू, काही माणसांना नळ आणि वीज समोर असताना धुळीत राहायचं असतं. त्यांना थोडी अक्कल दे."

सगळ्यात मोठ्यांदा "आमेन" म्हटलं ते हेडलीनं.

गुरुवारी उत्तरेच्या वाळवंटाकडचा गरम वारा सुटला. श्वास घेतला तरी नाक भाजायचं. दुपारी व्हर्ना तरातरा फाटकापाशी गेली आणि त्याच्या गाडीचं दार बडवलं. आत हेडली डोक्यावर ओला पंचा घेऊन बसला होता. विजेविना पंखा बंद.

"ऊठ. गाडी मागं आण."

"नको."

"एवढे नकोसे झालो का रे आम्ही?"

हेडलीनं मान खाली घातली.

"व्हर्ना, मला रिव्हर्स येत नाही."

"चल, काहीतरीच! जन्मभर घेतोयस की."

"मी आरशात बघायचो. आरशात ती असायची. ती हात करील तिकडं चाक फिरवायचं, एवढंच येतं मला. आता आरशात बघितलं की नुसती धूळ दिसते. म्हणून जिथं सरळ शिरून सरळ निघता येतं, तिथंच थांबतो. अशा जागा फार नसतात. म्हणून विकतोय."

व्हर्नानं त्याच्या डोक्यावरचा पंचा ओढून घेतला.

"बस गाडीत."

ती झाडांच्या मधे जाऊन उभी राहिली आणि पंचा हलवू लागली. कुणी सांगितलं कोण जाणे, पण तेवढ्या उन्हातही खुर्च्या बाहेर आल्या.

"येऊ दे, येऊ दे! डावीकडं! अरे डावीकडं!"

"कोणाच्या डावीकडं?"

"माझ्या!"

"तू माझ्याकडं पाठ करून उभी आहेस, बाई!"

"मग उजवीकडं! येऊ दे, येऊ दे, येऊ दे..."

धाडकन आवाज झाला. नळ मुळासकट आडवा झाला आणि पाण्याचा फवारा झाडाच्या फांदीपर्यंत उडाला. व्हर्ना नखशिखांत भिजली.

हेडली लालबुंद होऊन खाली उतरला. "अगं बये, 'बास' कधी म्हणायचं असतं? धडकायच्या आधी की धडकल्यावर?"

"ग्लेनिस कधी म्हणायची?"

हेडलीनं आडव्या झालेल्या नळाकडं बघितलं.

"धडकल्यावरच," तो म्हणाला, आणि जो हसत सुटला तो खालीच बसला, त्या चिखलात. सगळेच इतके भिजले होते की त्याचे ओले डोळे कुणाला वेगळे दिसले नाहीत.

"दहापैकी दोन," कॉलिन म्हणाला आणि पाणी बंद करायला गेला.

संध्याकाळी वारा पडला. हेडली झाडाखाली, सगळ्यांच्या मधे, मोडक्या नळापाशी पाना घेऊन बसला होता. कॉलिननं हात पुढं केला. "आण इकडं, मी लावतो. दहा मिनिटांचं काम."

हेडलीनं पाना खिशात घातला.

"छे," तो म्हणाला. "गिऱ्हाईकाला फोन करून सांग, येऊ नकोस म्हणावं. हे काम शनिवारच्या आत होत नाही."