नर्सचा प्रवेश

नाटक काही केल्या रंगेना, तेव्हा दिग्दर्शकाने शाळेतली वीस मुलं समीक्षक म्हणून प्रयोगाला बोलावली. "कुणाची भीड ठेवू नका. खटकलं ते बिनधास्त लिहा," तो म्हणाला. बहुतेकांनी पडद्याचं चित्र काढलं. एकाने खुर्ची टोचते, एवढंच लिहिलं.

चौथीतल्या एका मुलीने मात्र लिहिलं, "दुसऱ्या अंकातली नर्स काढून टाका. ती नसली तरी पेशंट बरा होणारच आहे."

दिग्दर्शकाने कपाळावर हात मारला. "एवढे जाणकार येऊन गेले, एकालाही हे दिसलं नाही!" नर्सला नारळ मिळाला. नाटक दहा मिनिटं आधी संपू लागलं आणि चक्क चालायलाही लागलं.

मुलीला आता संध्याकाळी शेजारच्या काकूंकडे जेवावं लागत नाही, कारण आई घरीच असते. परवा वाढता वाढता आई खुशीत म्हणाली, "अगं, मला नवीन नाटक मिळालं! या वेळी नर्स नाही, वकील आहे मी."

 

ताटातून मान वर न करता मुलीने विचारलं, "त्यांना समीक्षक लागतात का गं?"