फटके मारणाऱ्याचा चेहरा

टाचणी हेलविखच्या हातात आली आणि सगळ्याजणी खोकायच्या थांबल्या.

उपवासकाळातला शुक्रवार होता. गेंट शहरातल्या ख्रिस्ती भगिनींच्या घरात दर शुक्रवारी दुपारी प्रार्थनेचं पुस्तक एकीकडून दुसरीकडे फिरे. पान ठरलेलं होतं. खांबाला बांधलेले प्रभू येशू आणि दोन्ही बाजूंना आसूड उगारलेले दोन शिपाई. डोळ्यांत पाणी येईपर्यंत प्रभूंकडे बघायचं, त्यांचं दुःख आपल्या अंगावर घ्यायचं, आणि मग टाचणीने मारणाऱ्याच्या तोंडावर एक ओरखडा काढायचा, अशी तिथली रीत होती. डावीकडच्या शिपायाचं तोंड पार खरवडून गेलं होतं. आता उजवीकडच्याची पाळी होती.

हेलविख ही शहरातल्या फाशी देणाऱ्याची विधवा. चार महिने ती या घरात लोकर धूत होती आणि दाराजवळच्या तिपाईवर एकटी बसत होती. तिच्या हातातून पाव कोणी घेत नसे. तिने तो टेबलावर ठेवला की मग उचलत. तिला ठेवून घ्यायचं की नाही, हे घरच्या प्रमुख माख्तेल्डबाई आज ठरवणार होत्या. त्या नाही म्हणाल्या असत्या तर तिला जायला दुसरं दार नव्हतं.

ती बघत राहिली. डोळे कोरडे होते. हातही हलेना.

"टाचणी चावत नाही गं," म्हातारी आलेइत म्हणाली. "तुमच्या घरात तर याहून मोठी हत्यारं असतील."

दोघी-तिघी हसल्या. माख्तेल्डबाईंनी नजरेनेच त्यांना गप्प केलं आणि हेलविखला विचारलं, की प्रभूंसाठी तिला काहीच वाटत नाही का.

वाटतं, असं ती म्हणाली. पण तिचं लक्ष राहून राहून त्या शिपायाच्या मुठीकडे जात होतं. गुन्हेगारांना फटके द्यायच्या दिवशी तिचा नवरा घरी येई तेव्हा त्याच्या तळहाताला फोड आलेले असत. त्या दिवशी तो जेवत नसे. ती त्याच्या हाताला चरबी चोळून देई, आणि दोघं एकमेकांशी बोलत नसत. नवऱ्याची बाजू घ्यावी म्हणून ती हे सांगत नव्हती. आठवलं तसं सांगत होती.

"म्हणजे आता मारणाऱ्यावर दया करायची?" आलेइत म्हणाली.

"ते मला कळत नाही, मावशी." हेलविखने पुस्तक थोडं पुढे धरलं. "पण प्रभू आपल्याकडे बघतच नाहीयेत. ते याच्याकडे बघताहेत."

माख्तेल्डबाईंनी पुस्तक घेतलं आणि खिडकीपाशी नेलं. वीस वर्षं त्या हे पान बघत होत्या, पण टाचणी कुठे टेकवायची हे शोधण्यातच नजर अडकून पडे. प्रभूंच्या डोळ्यांतले दोन काळे ठिपके खरंच उजवीकडे सरकलेले होते. चित्रकाराने ते मुद्दाम केलं होतं की त्याचा कुंचला घसरला होता, कोण जाणे. त्या नजरेत राग मात्र नव्हता.

मग परत येऊन त्यांनी हेलविखच्या बोटांतून टाचणी काढून घेतली आणि आपल्या बाहीत खोचली.

"आलेइत, जरा सरक," त्या म्हणाल्या. "हिला बाकावर जागा कर. आता रोजच लागेल."

आलेइत सरकली, पण अगदी लागेल तेवढीच. हेलविख अंग चोरून तिच्याशेजारी बसली. स्तोत्र सुरू झालं. दोन कडवी झाल्यावर आलेइत समोर बघतच पुटपुटली, "कसली चरबी गं?"

"डुकराची. थोडं मेण घालून."

"उपवासात चालते?"

"लावायची आहे, मावशी. खायची नाही."

आलेइतने ओठ घट्ट मिटून हसू दाबलं. पुढचं कडवं तिचं चुकलं. लोकर धुण्याच्या थंड पाण्याने चिरलेला आपला हात तिने हेलविखच्या मांडीवर उताणा ठेवला.

हेलविखने आधी आपले दोन्ही हात झग्याला पुसले, मग तो हातात घेतला.