सामाईक भिंत

"हिला पोट सुटलंय. ही भिंत पडायची," मोबाईल डोळ्यांजवळ नेत कमरुद्दीन मिस्त्रींनी निकाल दिला.

"आब्बा, मुद्दाम गोल बांधलीय. बोस्टनला सगळी ओळच अशी हाय. दीडशे वर्षं उभी हाय."

"आसंल. मला न्हाई पटत."

जुन्नरात नुकतं उजाडलं होतं. अमेरिकेतून फैजाननं एकाला एक चिकटलेल्या जुन्या घरांचे फोटो पाठवले होते, तीन शहरांतले. त्याचं काम घरी बसूनच चालायचं, तेव्हा गाव कुठलंही चाललं असतं. अगदी जुन्नरसुद्धा. 'तुमाला एकबी पसंत पडलं न्हाई, तर गाशा गुंडाळून घरी येतो,' असा शब्दच त्यानं बापाला दिला होता. आणि चाळीस वर्षं थापी धरलेल्या माणसाला दुसऱ्याच्या बांधकामात खोट काढायला कितीसा वेळ लागतो! आणखी दोन घरं नापसंत केली की पोरगं घरी.

दुसरं घर बाल्टिमोरचं. दारात पांढऱ्याशुभ्र संगमरवराच्या पायऱ्या. इतकं देखणं काम की मिस्त्रींचा जीव घटकाभर त्यात गुंतलाच.

"बर्फात घसरून कंबरडं मोडशील," ते म्हणाले. "फुडचं दाव."

"फिलाडेल्फियाचं तर बघूच नका," फैजान हसला. "जेवणाच्या डब्यासारख्या एकावर एक तीन खोल्या. आन् शेजारच्या घराला आन् आपल्याला मिळून एकच भिंत, नऊ इंची. पलीकडं म्हातारी एकटी ऱ्हाते. ती खोकली तरी ऐकू येतं."

मिस्त्रींच्या आणि शेजारच्या ठमाबाईच्या घरांमध्येही एकच भिंत होती. सहा वर्षांपूर्वी जहाँआरा गेली, तेव्हा ठमाबाईनंच रीत पाडली. उजाडलं की तिनं वरवंट्यानं तीनदा भिंत ठोकायची, यांनी उलट ठोकायचं. त्या ठोक्यांवर बायको गेलेल्या माणसाचे दिवस निघाले होते. तसली भिंत परमुलखात पोराला मिळत होती आणि बाप तिच्यात खोट शोधत होता. मिस्त्रींना स्वतःचीच लाज वाटली.

"हेच घे," ते म्हणाले. "आन् रोज सकाळी म्हातारीसाठी भिंत ठोकत जा."

फैजाननं हळूच विचारलं, "तुमचं काय, आब्बा? ठमामावशी ठोकते ना रोज?"

"ठोकती की! आत्ताच ठोकून गेली."

फोन बंद झाला. मिस्त्रींनी वरवंटा उचलला, भिंतीवर तीन ठोके दिले आणि कान लावून बसले. दिवाळीच्या तोंडावर ठमाबाईचा दहावा झाला, त्या दिवसापासून पलीकडच्या घराला कुलूप होतं.