मधल्या पाच ओळी

"एल डी आय, आर चोवीस," आप्पासाहेबांनी वाचलं. "एल डी आय, आर पंचवीस. मग एस टी एस. मग परत एस टी एस."

शेजारच्या खुर्चीत सरोजिनीबाई डोळे मिटून ऐकत होत्या. "बरोबरच आहे की हो सगळं," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा आणखीच उतरला.

डोळ्यांचा पडदा खराब झाल्यापासून त्यांना नेमकं समोरचं अक्षर दिसत नसे. संगणकाचा वाचून दाखवणारा आवाज दोन दिवसांत नकोसा झाला, तेव्हा आप्पासाहेब आपण होऊन पुढे आले. चाळीस वर्षं त्यांनी मार्केट यार्डात कांद्याचे लिलाव पुकारले होते. त्या आवाजाला हळू बोलणं ठाऊक नव्हतं. गेली दोन वर्षं कर्वेनगरच्या त्या फ्लॅटमधून रोज दुपारी चिपच्या आज्ञांचा पुकारा होई, आणि वरच्या मजल्यावरच्या बाईंनी आपली वामकुक्षी त्याप्रमाणे पुढे ढकलली होती.

काम सरोजिनीबाईंचं. माणसाने लिहिलेला प्रोग्राम चिपला कळेल अशा आज्ञांत बदलून देतो तो कंपायलर. हा कुणा कंपनीचा नव्हता. जगभरची माणसं तो हौसेने, बिनपगारी सांभाळत, आणि त्यातला एका जुन्या चिपचा भाग एकोणीस वर्षं सरोजिनीबाईंकडे होता. आता नवी आवृत्ती निघायची होती, आणि टेबलावरच्या, ती चिप बसवलेल्या बोर्डावर तीन दिवस एकच चाचणी नापास होत होती. आज संध्याकाळपर्यंत ती पास झाली नाही तर ही चिप कंपायलरच्या यादीतून जाणार होती. सकाळीच त्यांनी आप्पासाहेबांकडून पत्र लिहून घेतलं होतं : माझ्याच्याने आता होत नाही, सांभाळणाऱ्यांतून माझं नाव काढावं. फक्त पाठवायचं राहिलं होतं.

"पाठवून टाका ते," त्या म्हणाल्या. "चिपचं मला एवढं नाही. पण ऐकायला सगळं ठीक आहे आणि बोर्ड नापास म्हणतो, म्हणजे मलाच कळत नाहीये. डोळे गेले तर गेले. आता डोकंही चाललं."

"डोकं कुठं जातंय तुझं? माझ्या मावसबहिणीच्या जावयाचं नाव मला येत नाही, तुला पाठ हाय."

त्या हसल्या नाहीत. आप्पासाहेबांना ते लागलं. बायकोच्या हुशारीचा त्यांना आयुष्यभर स्वतःच्यापेक्षा जास्त अभिमान, आणि तिच्याच तोंडून असं ऐकायचं! त्यांनी पत्राला हात लावला नाही.

"एकदा परत वाचतो. शेवटचं."

"मग डावीकडचे ओळींचे आकडेही वाचा."

"एकशे बारा. एस टी एस."

ही चिपचं कुलूप उघडणारी आज्ञा. ती मिळाली की चिपच्या घड्याळाच्या चार ठोक्यांच्या आत पुढची आज्ञा यायला हवी, नाहीतर चिप कुलूप परत लावून घेते. चाचणी तेवढंच तपासत होती.

"एकशे अठरा. एस टी एस."

सरोजिनीबाईंनी डोळे उघडले. "बारानंतर अठरा? मधल्या पाच ओळी?"

"ते नॉप आहेत."

"नॉप?"

"काही करू नका असं सांगतात ते. ते मी वाचत नाही."

"वाचत नाही म्हणजे? कधीपासून?"

"पहिल्या आठवड्यापासून. पानभर नॉप, नॉप, नॉप आले तर तूच म्हणालीस, ही नुसती भरती आहे, सोडा ते. तवापासून एक वाचला असेल तर शपथ."

आता सरोजिनीबाईंना उलगडा झाला. आज्ञा नीट रांगेत बसाव्यात म्हणून नव्या आवृत्तीत मधे मधे नॉप भरायची सोय आली होती. काही न करणाऱ्या त्या पाच आज्ञांनी पाच ठोके खाल्ले होते, आणि कुलूप लागत होतं. ऐकणाऱ्याच्या कानाला मात्र दोन्ही आज्ञा एकमेकींना चिकटून होत्या.

"म्हणजे तीन दिवस तुला मी रडवलं," आप्पासाहेब पुटपुटले.

"तुम्ही कशाला? सांगितलं मी, विसरलेही मीच. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, माझं एक म्हणून ऐकलं नाहीत, आणि ऐकलंत ते हे!"

आता मात्र त्या हसल्या. मग भराभर सांगत गेल्या, आप्पासाहेब एका बोटाने टाइप करत गेले. या ठिकाणी भरती करायची नाही, एवढाच अर्थ असलेल्या चार ओळी. बोर्डावरचा दिवा बराच वेळ लुकलुकला. संगणकाच्या पडद्यावर उत्तर आलं तेव्हा आप्पासाहेबांनी ते अख्ख्या सोसायटीला ऐकू जाईल असं पुकारलं, "पास!"

"पत्र पुसा," सरोजिनीबाई म्हणाल्या. "आणि ही दुरुस्ती पाठवा. खाली एक ओळ घाला. दोष कुणाला सापडला त्याचं नाव लिहायची पद्धत आहे आमच्यात."

"मग तुझं घालतो."

"मला कुठे दिसत होत्या त्या ओळी? तुमचं घाला. वडिलांच्या नावासकट, पूर्ण."

"अगं, चूक माझी, अन् नाव पण माझंच?"

"घाला म्हणते ना."

एकेक अक्षर शोधत त्यांनी नाव लिहिलं. त्याला बराच वेळ लागला.

"वाचून दाखवा."

"आप्पासाहेब," त्यांनी सुरुवात केली. "आप्पासाहेब धोंडिबा..." आणि यार्डातल्या त्या आवाजाला पुढचा शब्द काही फुटेना.

सरोजिनीबाईंनी चाचपडत त्यांचा हात शोधला.

"वाचा सावकाश," त्या म्हणाल्या. "मी काही कुठे जात नाही आता."