वहिनींचे कान

पहिली मेणबत्ती लागली, मंडळी उठून उभी राहिली, मास्तरांनी हात वर धरला. पण पेटी काही सुरू होईना.

त्यांनी वळून पाहिलं. वहिनींची बोटं पट्ट्यांवर फिरत होती, पाय भाता दाबत होते. म्हणजे पेटी वाजत होती, पण इतकी पुसट की भिंतीपलीकडे कुणी वाजवतंय असं वाटावं. वहिनींनी त्यांच्याकडे पाहून जोरात मान हलवली. मास्तरांनी घाईनं हात खाली आणला आणि नाताळाआधीच्या चार रविवारांचं, आगमनकाळाचं, पहिलं गीत कसंबसं मार्गी लागलं.

मास्तर शाळेतले नव्हेत. त्यांचा जन्म छापखान्यात मशिनवर गेला. पण एकतीस वर्षं देवळाचं गायनमंडळ सांभाळत होते, म्हणून सगळ्यांचे मास्तर. वहिनी म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ गेला त्या वर्षी वहिनींनी घराबाहेर पाऊल टाकणं सोडलं होतं. आगमनाच्या रविवारी मास्तर त्यांच्या दारात जाऊन बसले आणि म्हणाले, गळे आहेत, पेटी नाही. तुम्ही येईपर्यंत मी उठत नाही. तासाभरानं वहिनी पायांत चपला अडकवून निघाल्या. तेव्हापासून त्यांचा एक रविवार चुकला नव्हता.

आणि आता हे.

उपासनेनंतर मास्तरांनी सहज विचारावं तसं विचारलं, पुढच्या गीताला पट्टी कुठली धरायची, काळी की पांढरी? खाली मान घालून वह्या आवरता आवरता वहिनी म्हणाल्या, "पायरी गार."

मास्तर चमकले. विचारलं काय, उत्तर काय! ते हसून "बरं" म्हणाले आणि घरी निघाले. वाटेत बायकोला सगळं सांगितलं. ती रस्त्यातच थांबली. मग त्यांचा दंड धरून, तोंडाकडे बघत म्हणाली, "वहिनींना जपा तुम्ही."

सांगायला कशाला हवं होतं? पण मंगळवारी देवळाच्या पाळकांनी बोलावणं धाडलं. पाळक नवे होते, महिन्यापूर्वीच आलेले. आवाज खडा. मास्तरांना त्यामुळेच ते आवडत. बाकीची माणसं हल्ली तोंडातल्या तोंडात पुटपुटतात, अशी त्यांची तक्रार होती. पाळकांनी त्यांना समोर बसवलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, तुमचा हात आणि पेटी यांचा मेळ बसत नाही. नाताळच्या उपासनेला संगीत शिकलेली एखादी मुलगी पेटीवर बसवावी म्हणतो.

मास्तरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"दोष पेटीचाच आहे," ते म्हणाले. "वहिनींना ऐकू येत नाही. त्यांना स्वतःलाही ते उमगलेलं नाही. पण पेटी काढून घेतलीत तर ती बाई बसल्या जागी विझेल. मी सांभाळून घेतो. नाहीच जमलं, तर दोघांनाही काढा."

पाळक मवाळ माणूस. त्यांनी गायनमंडळातल्या दोघातिघांना हळूच विचारून पाहिलं. त्यांतल्या परिचारिकेनं डोळे पुसले आणि ती म्हणाली, मास्तर म्हणतात तसंच धरून चाला. शिंपीकाकांनीही तेच सांगितलं. मग पाळकांनी विषय सोडला. मात्र त्या दिवसापासून वहिनी दिसल्या की ते वाकून, ओरडून बोलू लागले.

शनिवारी सरावाला वहिनी यायच्या आधी मास्तरांनी मंडळाला गोळा केलं. वहिनींची लय मागेपुढे झाली तर कुणी तोंड वाकडं करायचं नाही, त्यांना सावरून न्यायचं, आणि यातलं अवाक्षर त्यांच्या कानी जाऊ द्यायचं नाही, असं बजावलं. सगळे खाली बघत उभे राहिले. शिंपीकाकांनी एकदम नाक शिंकरलं. मास्तरांना भरून आलं. माणसं जोडावीत तर अशी.

दुसरा रविवार बरा गेला, तिसरा त्याहून बरा. मास्तर आता पेटीची वाट बघत नसत. वहिनींच्या मानेकडे नजर ठेवत, मान हलली की हात खाली आणत. मंडळही माना उंच करून, तोंडं चांगली उघडून गाई, इतकी की प्रत्येक शब्द ओठांवर दिसावा. दोन-तीन वर्षांत त्यांना हे वळण लागलं होतं, आणि ते आपल्याच शिस्तीचं फळ, असं मास्तर अभिमानानं सांगत.

चौथ्या रविवारी चारही मेणबत्त्या लागल्या. येणाऱ्याची वाट पाहणारं शेवटचं गीत असं रंगलं की मागच्या बाकांवरची म्हातारी माणसंही काठी टेकत उभी राहिली. मास्तरांचा हात आणि पेटी यांच्यात केसाएवढंही अंतर पडलं नाही. शेवटच्या ओळीला त्यांनी डोळे मिटले नाहीत. वहिनींकडे बघत राहिले. सत्तरी ओलांडलेली ती बाई नव्या नवरीसारखी उजळली होती. सावरलं आपण, त्यांच्या मनात आलं. देवा, सावरलं.

मंडळी पांगली. मास्तर पेटीजवळच्या कपाटाकडे तोंड करून गीतपुस्तकं रचायला लागले. पाळक आले, वहिनींच्या कानाशी वाकले आणि छाती फुगवून ओरडले, "फार सुंदर वाजवलंत!"

वहिनी दचकून मागे सरल्या. "अहो, हळू," त्या म्हणाल्या. "माझे कान ठणठणीत आहेत. मधे भिंत असली तरी पलीकडची टाचणी पडलेली ऐकू येते मला."

पाळक चपापले. त्यांनी मास्तरांच्या पाठीकडे बोट दाखवलं आणि ओठांवर बोट ठेवून कुजबुजले, "ते ऐकतील."

वहिनींनी त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं. मग मान वळवून नेहमीच्या खणखणीत आवाजात हाक मारली, "भाऊजी!" आणि पुन्हा एकदा, त्याहून मोठ्यानं, "भाऊजी!"

दोन हातांवर पाठमोरे उभे असलेले मास्तर शांतपणे पुस्तकं रचत राहिले.