आप्पांनी रंगवलेली पाटी

माझे आप्पा पेंटर आहेत. लातुरातल्या निम्म्या डॉक्टरांच्या पाट्या त्यांच्याच हातच्या. मेडिकलच्या क्लासला माझं नाव घातलं त्या दिवशीच त्यांनी माझीही पाटी रंगवली: ‘ऋतुजा हॉस्पिटल’. आज मात्र मी सांगूनच टाकलं, “आप्पा, मला डॉक्टर न्हाई व्हायचं. समुद्राच्या तळाशी चिखलात सूक्ष्मजीव राहतात. ते जी रसायनं बनवतात, त्यांच्यातून नवी औषधं निघतात. मी ती शोधणार.” “मांजरा नदीत पाणी न्हाई अन् तुला समुद्र पाहिजे?” “डॉक्टर गोळी देतात, आप्पा. पण गोळी लागूच पडंना झाली, तर नवी कुणीतरी शोधायला पाहिजे की.” आप्पांनी पाटी पुढ्यात ओढली. मग ‘हॉस्पिटल’वर त्यांनी पांढरा रंग फासला. माझं नाव मात्र तसंच ठेवून म्हणाले, “म्या समुद्र बघितला न्हाई, माय. निळा कोणता लावू?”