जी साब

गोष्ट दिवाळी अंकात आली तर अनिरुद्धच्या पदरात काय पडणार होतं? नुसतं नाव. पण आखातात, मनाम्याच्या ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांची पत्रं टाइप करणाऱ्या लेखकाला तेवढंही पुष्कळ होतं.

गोष्ट त्याच्या खोलीतल्या रावजींची. सित्र्याला कंपनीची बस चालवणारे रावजी घरी पाठवायची कॅसेट भरताना, गावाला आपण साहेब वाटावं म्हणून मधेच साहेबी आवाज काढत, "अरे, चाय लाओ!" शेजारी बसलेला अनिरुद्ध शिपाई होऊन म्हणे, "जी साब." रावजींचं नाव तेवढं बदलून त्याने सगळं लिहून टाकलं.

अंक आला. रावजींनी तो न वाचताच, सुट्टीवर निघालेल्या माणसाबरोबर गावी धाडला. "आपल्या अनिरुद्धचं नाव छापून आलंय. मी वाचीन मग, आधी घरी वाचू दे की!"

अनिरुद्धच्या ओठांवरचं 'नको' ओठांवरच राहिलं.

महिन्याने रावजींच्या घरून वहिनींची कॅसेट आली. "भावोजींचं लई नाव झालं बघा. पोरास्नी मातर शाळंत 'चाय लाओ' म्हनून चिडवत्यात."

शुक्रवारी रावजी उलट कॅसेट भरायला बसले. अनिरुद्ध शेजारी 'जी साब' म्हणायला तयार होता.

रावजींनी चहा मागवलाच नाही.